माझ्या बाजूचा ब्रेक

या खेळात आरसा नसतो, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी बायकांना गाडी शिकवते. आयुष्यभर एकच मंत्र देत आले आहे, आधी आरसा बघ आणि मग हल. इथे मात्र हातात बंदूक देऊन पडक्या कारखान्यात सोडलं आणि मागे काय चाललंय ते दाखवायला काहीच नाही. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक रविवार मी फक्त मेले. मागून मेले, पुढून मेले, जिन्यावरून पडून मेले. एकदा तर स्वतःच फेकलेल्या बॉम्बपाशी जाऊन उभी राहिले, तो नीट पडलाय की नाही ते बघायला.

खेळ तसा समजायला सोपा आहे. समोरासमोर दोन टोळ्या, प्रत्येकीत पाच जण. सगळे आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसलेले, कानाला हेडफोन लावून. कारखान्याच्या बॉयलरखोलीत एक पेटी असते. एका टोळीने ती राखायची, दुसरीने पळवायची. मेलेला माणूस डाव संपेपर्यंत मेलेलाच राहतो आणि बाकीच्यांचं कौतुक बघत बसतो. या बघण्यात माझा हात कोणी धरला नसता.

बोटं माझी ऐकत नव्हती. एका हाताने चालायचं, दुसऱ्याने बघायचं. मला दोन्ही एकदम जमेना. चालायला लागले की नजर छताला, बघायला लागले की नाक भिंतीला. गिअर बदलताना रस्ता सोडून गिअरकडे बघणाऱ्या बायकांवर मी किती ओरडले असेन! इथे मीच मान खाली घालून बटणं शोधत होते. दाराशी आले की सवयीने थांबायचे, समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. समोरचा जायचा नाही, गोळी घालायचा.

"शिंगं मोडून वासरांत शिरलं की असंच व्हायचं," आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. एवढं एक वाक्य त्यांना आठवडाभर पुरलं. ते मुळात कमी बोलतात.

पण शिंगं मी उगीच मोडली नव्हती.

माझा मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्टच्या कंपनीत आराखडे काढतो. तो बोलताना अडतो. लहानपणापासून. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच गाडी बंद पडावी तसा राहतो. आवाजही येत नाही. डोळे मिटून घेतो, जबडा घट्ट होतो आणि मग कधीतरी शब्द सुटतो. मग कधीतरी, असं मी म्हणते आहे खरी, पण खरं सांगायचं तर तो सुटेपर्यंत मी कधी वाट बघितलेली नाही. तो अडला की पुढचं मी बोलून टाकायची. दुकानदाराशी, शिक्षकांशी, पाहुण्यांशी. माझ्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच आहे. शिकणारीचं चुकतंय असं वाटलं की माझा पाय आपोआप जातो. मुलाच्या बाबतीतही मी तेच करत होते आणि त्याला माया म्हणत होते.

फोनवर तर आमचं बोलणं म्हणजे सगळं मीच. "जेवलास का? हो ना? बाहेरच खाल्लं असशील. काम फार असेल. बरं, झोप आता." त्याच्याकडून "हं." त्याचं येणं कमी झालं, फोन कमी झाले आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की अबोल आहे, बापावर गेलाय.

मागच्या सुट्टीत तो आला होता. वाळत घालायचे कपडे काखेत घेऊन मी त्याच्या खोलीवरून चालले होते. दार लोटलेलं. आतून कोणीतरी बोलत होतं. धडाधड हुकूम सोडत होतं, मध्येच थट्टा करत होतं, हसत होतं. मला वाटलं मित्र आलाय. मग लक्षात आलं की हा आवाज आपल्याच पोराचा आहे. अडत होता, मध्ये मोठ्या शांतता पडत होत्या, पण वाक्यं पुरी करत होता. लांबलचक वाक्यं. मी ओले कपडे तसेच धरून उभी राहिले. माझी बाही भिजली. आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो हेवा, कारण समोर ज्यांच्याशी तो बोलत होता ती कोण कुठली परकी माणसं होती.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मला पण शिकव तो खेळ."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तो "नको" म्हणणार असं दिसत होतं, म्हणून मी म्हणून टाकलं, "हो म्हणतोयस ना? ठरलं तर मग." आणि अशी मी शिरले.

त्याची टोळी गुणी होती. एकजण छपरावर बसून लांबून टिपायचा, त्याला सगळे गिधाड म्हणत. एक मुलगी जखमींना पट्ट्या बांधायची, ती मलमपट्टी. कोणी दिसलं की अंगावर धावून जाणारा तो बुलडोझर. माझ्या मुलाला कप्तान म्हणत. मी काय करते ते कळल्यावर माझं नाव पडलं एल-काकू, शिकाऊ गाडीच्या पाटीवरून. त्यांचा पाचवा गडी परीक्षेत अडकला होता, म्हणून सरावापुरती माझी वर्णी लागली.

पहिल्याच दिवशी मलमपट्टीने मला बाजूला घेतलं. म्हणजे खेळातच, एका पिंपामागे. "काकू, बाकी काही नाही जमलं तरी चालेल. एकच पाळा. कप्तान बोलता बोलता थांबला की आपण पण थांबायचं. तो बोलेपर्यंत कोणी हलायचं नाही, कोणी बोलायचं नाही."

"आणि तेवढ्यात शत्रू आला तर?"

"आला तर मरायचं," ती म्हणाली. "पण त्याचं वाक्य संपू द्यायचं. आमचं ठरलेलं आहे."

माझ्या पोराबद्दल मला ही शिकवणार! मला राग आला. वरवर "हो गं बाई" म्हटलं. पण पाळलं हं मी. त्याचा शब्द अडला की दातांखाली जीभ धरायची आणि खुर्चीखाली पाय जमिनीत रोवायचा. चौघं आपापल्या जागी शांत. कोणी खाकरत नसे. मग त्याचा शब्द यायचा, "डावीकडून," आणि सगळे डावीकडून. घाई नाही, चिडचिड नाही. एखाद्या घरात सगळ्यांना जिन्याची मोडकी पायरी माहीत असते आणि न बोलता सगळे ती ओलांडतात, तसं.

रविवारची दुपार ही माझी दिवाळी-दसरा सगळं होऊन बसली. मुलगा माझ्याशी बोलत होता! "आई, खाली वाक. आई, तो आपला माणूस आहे, त्याला मारू नकोस. आई, तू भिंतीशी बोलते आहेस." इतकी वाक्यं त्याने मला कित्येक वर्षांत ऐकवली नव्हती. मला भिंतीशी बोलायला लावलं तरी मी बोलले असते. एकदा चुकून माझ्या हातून एक शत्रू मेला, तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकला आला. तो खोकला ऐकून मला इकडे भरून आलं.

मग ती स्पर्धा आली. हौशी टोळ्यांचीच, पण कप्तानाने पहिल्यांदा नाव दिलं होतं आणि पोरं चक्क उपांत्य सामन्यात पोचली होती. नेमका बुलडोझरचा हात प्लास्टरमध्ये गेला. परीक्षावाला परतला होता, तरी एक कमी. पाच नसतील तर टोळी बाद. बदली म्हणून नाव लिहिलेलं होतं ते माझंच.

मी म्हटलं, "मी नको, मी घाण करीन." वरवर म्हटलं. मनातून मला यायचंच होतं.

"तू फक्त," मुलगा म्हणाला आणि थांबला. मी जीभ दाताखाली धरली. "माझ्या मागे राहा."

सामना सुरू झाला आणि मी खरोखर त्याच्या मागे राहिले, त्याच्या पाठीवर डोळे लावून. मागून आलेल्या दोन गोळ्या त्याच्याऐवजी मला लागल्या, त्याचंही सगळ्यांनी कौतुक केलं. "एल-काकू, ढाल आहात तुम्ही!" बरोबरीत डाव येत गेले. शेवटच्या डावात आम्ही पेटी राखणारे. पाचही जण जिवंत, बॉयलरखोलीत दबा धरून. थोडा वेळ निघाला की जिंकलो. ह्यांनी पेपर खाली ठेवला होता आणि ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे होते.

बाहेरच्या बोळात पावलं वाजायला लागली. एकाची, मग बऱ्याच जणांची.

"सगळे," कप्तान म्हणाला आणि अडला.

कोणी हललं नाही. पावलं जवळ येत होती. मला माहीत आहे ती शांतता. सिग्नल हिरवा झालाय, मागे हॉर्न वाजताहेत आणि बाजूच्या बाईला पहिला गिअर सापडत नाही. माझा पाय जमिनीत रुतला. पावलं दाराशी आली. त्याचा शब्द येईना. कोंडलोय आपण इथे, मला वाटलं, तो बाहेर पडायलाच सांगणार, दुसरं काय सांगणार?

"बाहेर!" मी ओरडले. "सगळे बाहेर पडा, पळा!"

माझा तो गाडीतला आवाज. त्या आवाजाने भर चौकात बायकांचे पाय हलतात. आणि त्या पोरांच्या शांततेत आजवर कधी कोणी बोललंच नव्हतं. त्यामुळे तिथे जो आवाज आला तो हुकूमच, असं त्यांच्या बोटांनी धरलं. मलमपट्टी उठली, परीक्षावाला उठला, गिधाड छताजवळच्या नळावरून खाली उतरला. दारातून एकेक बाहेर पडला आणि एकेक पडला. सगळ्यात शेवटी मी. तो एकटा आत राहिला आणि त्यालाही त्यांनी टिपलं.

पडदा करडा झाला. पेटी गेली. आणि त्या सगळ्या मेलेल्यांच्या कानात त्याचा शब्द आला. अडलेला होता, तो आता सुटला होता, त्याच्याही हातात नसावं ते.

"जागेवरच बसा," तो म्हणाला.

कोणी मला बोललं नाही. कोणी "काकू, हे काय केलंत" म्हणालं असतं तर मी दोन शब्द ऐकून घेतले असते. मलमपट्टी म्हणाली, "होतं असं. छान खेळलो आपण." गिधाड म्हणाला, "माझंच चुकलं, मी उतरायला नको होतं." त्यांचा तो समजूतदारपणा मला चटके देत होता. मी गप्प बसायचं होतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"अरे पण त्याला बोलायला वेळ लागतो ना!" मी म्हणाले. "तेवढ्यात ते आत आले असते. कोणीतरी बोलायला नको का? तो काय, अडतोच!"

ज्या एका जागेत त्याच्या अडण्याला कोणी कधी नाव दिलं नव्हतं, तिथे ते मी दिलं. त्याच्या आईने. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

पडद्याच्या कोपऱ्यात आमची पाच नावं होती. कप्तानाचं विझलं. तो निघून गेला. मग मलमपट्टी म्हणाली, अगदी हळू, "काकू, तो 'बसा' म्हणणार हे आम्हाला माहीत होतं. तरी आम्ही थांबतो." आणि तिचंही नाव विझलं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते त्या दिवशी मला कळलं. खेळात एवढ्या वेळा मेले, त्यातलं एकही मरण याच्या जवळपास नव्हतं. हेडफोन काढून ठेवला तर कान गरम लागत होते. मागे हे उभेच होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"माहीत आहे मला," मी म्हटलं, "माझीच चूक झाली, हेच ना?"

त्यांनी तोंड मिटलं, पेपर उचलला आणि आत गेले. ते काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही. ते कमी बोलतात, असं मी आत्ता वर सांगितलं. आता ते सांगायचीही लाज वाटते.

त्या संध्याकाळी मी त्याला फोन लावला नाही. लावून काय करणार होते? "रागावलास ना? माफ केलंस ना? झोप आता." सगळं मीच बोलले असते. आरशात केस विंचरतानाही मी भांगाकडेच बघितलं, तोंडाकडे बघवेना.

सोमवारी सकाळी शिंपीण शिकायला आली. हात शिवणाचे असल्यामुळे स्टिअरिंग सुरेख धरते, पण चढावर घाबरते. पुलाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला. तिचा पाय हलायच्या आत माझा पाय माझ्या ब्रेकवर. गाडी गचकन थांबली.

"बाई, मी दाबणारच होते," ती म्हणाली.

ती रागाने बोलली नाही. नुसतं सांगितलं. रोज कोणी ना कोणी हे म्हणत असेल आणि मी "सगळ्या असंच म्हणतात" म्हणून उडवून लावत असेन. त्या दिवशी मात्र "हो," म्हटलं. "दाबणारच होतीस तू." तिने चमकून माझ्याकडे बघितलं, मग ट्रक सुटला आणि तिने गाडी काढली. चढावर मागे एक इंचही न घसरता काढली. मी पाय सीटखाली घेऊन बसले होते आणि मला घाम फुटला होता.

ती उतरून गेली. पुढची शिकणारी अजून यायची होती. सरावाच्या मैदानाच्या कडेला मी गाडीतच बसून राहिले, माझ्या नेहमीच्या बाजूला. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा. तो आपणहून फोन करत नाही. भरदिवसा तर नाहीच.

"आई," तो म्हणाला.

"बोल," मी म्हटलं आणि पुढचं सगळं गिळलं. मी काल चुकले, मला तसं म्हणायचं नव्हतं, तू जेवलास का, सगळं घशाशी आलेलं. माझा पाय ब्रेकवर गेला होता. मी तो तसाच दाबून धरला.

"पुढच्या रविवारी तू," तो म्हणाला आणि अडला.

समोर मैदानात पांढऱ्या फक्कीने आखलेल्या रेघा होत्या, गाडी मागे घ्यायला शिकवायच्या. मी त्या बघत राहिले. त्याचा श्वास ऐकू येत होता. पुढचा शब्द काय आहे, ते मला कळलं होतं. ज्या अर्थी त्याने फोन केला, त्या अर्थी दुसरा शब्द असू शकत नव्हता. मी तो बोलून टाकला असता तर त्याचा त्रास वाचला असता. माझाही वाचला असता. "नको येऊ, हेच ना? बरं, नाही येत," असं हसून म्हटलं असतं की दोघंही सुटलो असतो. जित्याची खोड. जीभ दातांखाली इतकी दाबली की खारट लागायला लागलं. एक कुत्रं रेघा ओलांडून सावकाश पलीकडे गेलं. तिकडे पोराचा जबडा घट्ट झाला असेल, डोळे मिटले असतील. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला त्या दारात एकट्याला उभं राहू दिलं.

"येऊ नकोस," तो म्हणाला.

वाक्य पुरं झालं. त्याने पुरं केलं, आणि मला लागायचं तिथे नेमकं लागलं.

"बरं," मी म्हटलं.

फोन त्याने ठेवला नाही. मीही नाही. पुढची शिकणारी येऊन गाडीबाहेर उभी राहिली, तिने काचेवर टिचकी मारली. मी तिला हाताने थांब म्हटलं. कानात त्याचा श्वास होता, बाकी काही नाही. त्याला अजून काही सांगायचं होतं का? "पण त्याच्या पुढच्या रविवारी ये," असं काही? की झालं होतं सांगून सगळं आणि तो नुसता मी फोन ठेवायची वाट बघत होता?

मला ओळखता येईना. माझ्या पोटचा मुलगा, आणि त्याचं बोलणं संपलंय की अडलंय, यातला फरक मला ओळखता येईना. तेवढं मी कधी थांबलेच नव्हते. चार परक्या पोरांना तो कळत होता.

बाहेरची बाई घड्याळाकडे बघत होती. मी ब्रेक दाबून, फोन कानाशी धरून बसून राहिले.